‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ सोपी का वाटते आणि नीट का वाजत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ गिटार शिकणारा जवळपास प्रत्येक जण पहिल्या महिन्यात वाजवतो, त्याची मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे छोटे स्वरवाक्य, अवघ्या चार सुरांची आहे; मग हार्ड रॉकच्या इतिहासात या गाण्याला एवढे मोठे स्थान कसे मिळाले, आणि त्याचा पुढच्या संगीतावर प्रभाव पडला असे म्हणतात तो नेमका कुठे दिसतो?

मी गेली सत्तावीस वर्षे पुण्यात गिटार शिकवतो. या काळात ही रिफ मी किती जणांच्या हातून ऐकली याची मोजदाद नाही, परंतु ती पहिल्या खेपेस बरोबर वाजवलेली ऐकल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. म्हणून उत्तराची सुरुवात मी तिथूनच करतो. ही रिफ लक्षात ठेवायला सोपी आहे, वाजवायला सोपी नाही; आणि या दोन गोष्टींमधल्या अंतरातच त्या गाण्याचे आयुष्य आहे, असे माझे मत आहे.

आधी सूर पाहू. गाणे जी मायनरमध्ये आहे, म्हणजे जी हा षड्ज धरायचा. तसा तो धरला की रिफ आपल्या सरगममध्ये अशी लिहिता येते: सा, कोमल ग, म, मग सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म, मग पुन्हा सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. एवढेच. पंचम नाही, धैवत नाही, निषाद नाही. सारा खेळ षड्ज ते तीव्र मध्यम या अर्ध्या सप्तकात होतो. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती. तिचे शास्त्रीय गायनाचे चांगले शिक्षण झालेले होते आणि गिटार मात्र तिने प्रथमच हातात घेतली होती. मी रिफ वाजवून दाखवली तेव्हा तिने बोटे न लावता ती आधी गाऊन पाहिली, आणि तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर उतरताना थांबून म्हणाली, “सर, दोन्ही मध्यम लागोपाठ घेतलेत, आणि न्यास शुद्ध मध्यमावर आहे.” ब्लूजच्या परिभाषेत ज्याला उतरवलेला पंचम म्हणतात तोच हा तीव्र मध्यम. तिला ललत रागाची सवय असल्यामुळे लागोपाठच्या दोन मध्यमांचा ताण तिच्या कानाने लगेच पकडला. रागाशी या गाण्याचा काही संबंध नाही, हे स्पष्ट करतो. परंतु ताण कुठे निर्माण होतो आणि कुठे सुटतो हे ऐकण्यासाठी आपल्याजवळ ही भाषा तयार आहे, तर ती वापरावी. सबंध रिफमध्ये ताणाची जागा एकच आहे, तो तीव्र मध्यम, आणि तो फक्त अर्धी मात्रा टिकतो. तो कुणी लांबवला की रिफचा तोल जातो.

आता दुसरी गोष्ट, जी बहुतेक शिकाऊ वादकांना कोणी सांगतच नाही. ही रिफ एकेरी सुरांची नाही. गिटारवादक रिची ब्लॅकमोर प्रत्येक सुराबरोबर त्याच्या खालचा चौथा सूर जोडून वाजवतो. तिसरी आणि चौथी तार, म्हणजे जी आणि डी, एकत्र छेडायच्या: आधी दोन्ही मोकळ्या, मग दोन्ही तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरील तिसऱ्या पट्टीच्या घरात, मग दोन्ही पाचव्या फ्रेटवर, पुढच्या तुकड्यात मोकळ्या, तिसरी, सहावी, पाचवी, शेवटी मोकळ्या, तिसरी, पाचवी, तिसरी, मोकळ्या. ब्लॅकमोर पिक, म्हणजे तार छेडण्याची छोटी चपटी पट्टी, वापरून त्या ओरबाडत नाही, तर दोन्ही तारा बोटांनी चिमटीत धरल्यासारख्या एकदम उचलतो. पिकने एक तार आधी वाजते आणि दुसरी क्षणभराने वाजते. हे अंतर अत्यल्प असले तरी कानाला कळते आणि आघात पसरट होतो. बोटांनी दोन्ही सूर एकाच क्षणी सुटतात, त्यामुळे प्रत्येक आघात दगडावर दगड ठेवल्यासारखा ऐकू येतो. मी स्वतः शाळेच्या वयात ही रिफ झिजलेल्या कॅसेटवरून उतरवली होती आणि कित्येक वर्षे ती सर्वांत जाड तारेवर, एकेरी सुरांत, पिकने वाजवत होतो. सूर बरोबर होते, तरीही कॅसेटमधला आवाज माझ्या गिटारमधून येत नव्हता, आणि त्याचे कारण मी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शोधत होतो. कारण बोटांत होते.

मोकळ्या डी आणि जी तारांची जोडी म्हणजे काय, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. जी हा षड्ज असेल तर त्याच्या खालचा डी हा मंद्र पंचम होतो. पंचम आणि षड्ज: तानपुऱ्याची पहिली तार आणि तिच्या शेजारची जोडीची तार. हार्ड रॉकमधील या सर्वांत प्रसिद्ध रिफचा पहिला आघात म्हणजे तानपुऱ्याच्या पहिल्या दोन तारा एकदम छेडण्यासारखे आहे. तानपुऱ्यात पंचम खाली असूनही आपला कान षड्जालाच घर मानतो. तसेच इथेही होते. यामागे भौतिकशास्त्र आहे. मोकळी जी तार सेकंदाला १९६ कंपने देते, डी तार जवळपास १४७. अ‍ॅम्प्लिफायर जेव्हा ध्वनी फाडतो, ज्याला आपण डिस्टॉर्शन म्हणतो, तेव्हा दोन सुरांच्या कंपनसंख्यांमधील फरकाइतका एक नवा सूर तयार होतो. १९६ मधून १४७ वजा केले की ४९ उरतात, आणि ४९ कंपनांचा सूर म्हणजे दोन सप्तके खालचा जी, म्हणजेच बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सूर. गिटारवादकाने तो वाजवलेला नसतो, तरी तो ऐकू येतो. बेस वाजायला लागण्याच्या आधीच रिफला जे वजन जाणवते, त्याचे एक कारण हे आहे. चौथ्याऐवजी कोमल गंधाराची किंवा शुद्ध गंधाराची जोड घेऊन हीच रिफ डिस्टॉर्शनमध्ये वाजवून पाहावी. नव्याने तयार होणारे सूर एकमेकांवर घासतात आणि आवाज चिखलासारखा होतो. चौथ्या आणि पाचव्या सुराच्या जोड्या मात्र डिस्टॉर्शनमध्ये स्वच्छ राहतात. रॉकमध्ये पॉवर कॉर्ड, म्हणजे षड्ज आणि त्याच्या वरचा पंचम यांची जोडी, रूढ झाली ती याच कारणाने, आणि ही रिफ म्हणजे उलटी ठेवलेली पॉवर कॉर्ड आहे.

तिसरी गोष्ट लयीची, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक चुका इथे होतात. पूर्ण रिफ चार-चार मात्रांच्या चार खंडांत बसते, म्हणजे सोळा मात्रा. तीनतालाचे एक आवर्तन डोळ्यांपुढे आणले तरी चालेल. पहिला सा पहिल्या मात्रेवर, ग दुसऱ्या, म तिसऱ्या मात्रेवर. इथपर्यंत सारे मात्रेवर नेमके आहे, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ठेका धरतो. पुढचा सा पाचव्या मात्रेवर, म्हणजे नव्या खंडाच्या तोंडावर येईल अशी आपली अपेक्षा असते. तो तिथे येत नाही. तो साडेचारवर येतो, ग साडेपाचवर, तीव्र म साडेसहावर, आणि मग शुद्ध म नेमका सातव्या मात्रेवर बसतो. म्हणजे सुरांचा ताण आणि लयीचा ताण एकाच ठिकाणी, सातव्या मात्रेवर, एकदम सुटतात. नवव्या मात्रेपासून पहिला तुकडा पुन्हा सरळ येतो, आणि शेवटचे दोन सूर, ग आणि सा, साडेबारा व साडेतेरावर येऊन थांबतात. तिथून साडेतीन मात्रा त्या शेवटच्या सुराच्या आसेच्या, म्हणजे तो घुमत राहण्याच्या. नवशिका वादक काय करतो, तर दुसरा तुकडाही मात्रेवर सरळ वाजवतो आणि शेवटची आस पूर्ण न होऊ देता पुढच्या आवर्तनात उडी घेतो. सूर तेच राहतात, रिफ ओळखूही येते, पण तिचा जीव जातो. मी विद्यार्थ्यांना गिटार बाजूला ठेवून आधी टाळी देत ही रिफ तोंडाने म्हणायला लावतो, आणि साडेचारची जागा हाताच्या टाळीच्या मधोमध येईपर्यंत तारांना हात लावू देत नाही. काहींना याचा कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. तरीही मी यात सूट देत नाही.

हे झाले रिफचे. परंतु रिफ म्हणजे गाणे नव्हे, आणि हे गाणे जसे झाले तसे का झाले हे समजण्यासाठी डिसेंबर १९७१ मधील स्वित्झर्लंडला जावे लागते. डीप पर्पलची त्या वेळची मंडळी अशी होती: गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, गायक इयन गिलन, बेसवर रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवर इयन पेस. आपला नवा अल्बम, म्हणजे पुढे ‘मशीन हेड’ या नावाने आलेला, त्यांना स्टुडिओच्या भिंतींत न करता प्रत्यक्ष रंगमंचावर वाजवल्यासारखा ध्वनिमुद्रित करायचा होता. त्यासाठी त्यांनी जिनिव्हा सरोवराच्या काठावरील माँत्रू या गावातील कॅसिनोची निवड केली होती आणि ध्वनिमुद्रणाची सामग्री बसवलेला रोलिंग स्टोन्स या बँडचा ट्रक भाड्याने घेतला होता. कॅसिनो हिवाळ्यासाठी बंद होण्यापूर्वी तिथे एकच कार्यक्रम उरला होता, फ्रँक झॅपा आणि त्यांच्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ या बँडचा. तो ४ डिसेंबर रोजी झाला. कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतील कोणीतरी फ्लेअर गन छतावर झाडली, वेताच्या आच्छादनाने पेट घेतला आणि बघता बघता सारी इमारत जळून खाक झाली. जीवितहानी झाली नाही. माँत्रू जॅझ महोत्सवाचे संस्थापक क्लोद नॉब्स यांनी आत अडकलेल्या मुलांना बाहेर काढण्यासाठी धावपळ केली, आणि गाण्यात त्यांचा उल्लेख त्यामुळेच आला. डीप पर्पलची मंडळी तेव्हा गावातच होती; आग आणि सरोवरावर पसरत गेलेला धूर त्यांनी स्वतः पाहिला. काही दिवसांनी ग्लोव्हर सकाळी जागा झाला तो ‘स्मोक ऑन द वॉटर’, म्हणजे ‘पाण्यावरचा धूर’, हे चार शब्द ओठांवर घेऊनच. गिलनला हे शीर्षक एखाद्या अमली पदार्थावरच्या गाण्यासारखे वाटले होते, आणि त्यामुळे ते वापरावे की नाही याबद्दल सुरुवातीला शंका होती.

जागा गेली, ट्रक मात्र दारात उभा होता. नॉब्स यांनी त्यांना पॅव्हिलियन नावाच्या एका रंगगृहात जागा मिळवून दिली. तिथे रात्री त्यांनी ब्लॅकमोरच्या एका नव्या रिफवर वाद्यांचा भाग ध्वनिमुद्रित केला. त्याला तेव्हा नावही नव्हते, नुसते ‘टायटल नंबर वन’ म्हणत. आवाजाने शेजारी वैतागले, पोलीस आले, आणि टेक पूर्ण होईपर्यंत बँडच्या मदतनिसांनी आतून दारे धरून ठेवली, अशी हकीकत बँडच्या सदस्यांनी अनेकदा सांगितली आहे. दुसऱ्या दिवशी ती जागाही गेली. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेले, थंडगार आणि रिकामे ग्रँड हॉटेल त्यांना मिळाले. त्याच्या तळमजल्यावरील मार्गिकेत गाद्या भिंतींना टेकवून, वाद्ये आणि अ‍ॅम्प्लिफायर मांडून, त्यांनी उरलेला अल्बम पुरा केला. ट्रक बाहेर उभा; केलेले मुद्रण ऐकायचे तर खोल्यांतून, सज्ज्यांतून आणि बर्फातून वळसा घालून तिथपर्यंत जावे लागे. त्यामुळे दर टेकनंतर ऐकायला जाणे त्यांनी सोडून दिले. वाजवताना बरे वाटले तर पुढे जायचे. आज संगणकावर एकेक आघात सरकवून जागेवर आणणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो, कारण ‘मशीन हेड’चा आवाज एवढा सजीव का आहे याचे उत्तर तिच्यात आहे. अल्बमसाठी साहित्य थोडे कमी पडत होते, तेव्हा पॅव्हिलियनमधले ते बिननावाचे मुद्रण पुन्हा हाती घेतले गेले आणि त्यावर आगीची हकीकत लिहिली गेली.

ती हकीकत कशी लिहिली आहे हे पाहण्यासारखे आहे. रूपके नाहीत, उपदेश नाही. आम्ही अमुक गावी गेलो, अमुक घडले, जागा जळाली, दुसरी शोधली, वेळ संपत आला, अशी रोजनिशीसारखी सरळ नोंद आहे. त्या काळच्या रॉकमध्ये परीकथा आणि गूढ प्रतिमा मुबलक होत्या. त्या वातावरणात एखाद्या बातमीदाराने लिहावी तशी ही कविता उठून दिसते, आणि गिलनही ती फारशी किंकाळ्या न मारता, बोलल्यासारखी म्हणतो. ज्याने त्याच अल्बममधील इतर गाण्यांत आपल्या आवाजाची वरची टोके दाखवली आहेत, त्याने इथे हात आखडता घेतला, हे त्याच्या समजुतीचे लक्षण आहे.

वाद्यांच्या मांडणीत हाच संयम आहे. सुरुवातीला गिटार एकटी. मग हाय-हॅट, म्हणजे ड्रमच्या संचातील झांजांची जोडी, आणि त्याच वेळी ऑर्गन, तीच रिफ घेऊन. मग ड्रमचा पूर्ण संच. आणि सर्वांत शेवटी बेस. प्रत्येक जण आत येताना रिफ बदलत नाही, तिच्याखाली एकेक थर रचला जातो. ग्लोव्हर रिफच्या सुरांमागे धावत नाही. तो षड्जावर अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे सलग ठोके देत राहतो. वर सूर हलतात, खाली षड्ज स्थिर. आपल्याकडे तानपुऱ्यावर गायक जे करतो त्याची मला इथे दर वेळी आठवण होते. जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन मार्शलच्या गिटार-अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवत असे, त्यामुळे त्याचाही आवाज फाटका, खरखरीत येतो. बहुतेक ऐकणाऱ्यांना रिफ म्हणजे केवळ गिटार वाटते; प्रत्यक्षात त्या आवाजाचा जवळजवळ अर्धा भाग ऑर्गनचा आहे. एकट्या गिटारवर घरी ही रिफ कधीच ‘तशी’ वाजत नाही, याचे हेही एक कारण आहे, आणि यात वाजवणाऱ्याचा दोष नाही.

ध्रुवपदाकडे बहुतेक जण फारसे लक्ष देत नाहीत, पण मला ते रचनेतील सर्वांत हुशार स्थान वाटते. तिथे स्वरसंगती मध्यमावरून कोमल रिषभावर जाते आणि मग षड्जावर येते. कोमल रिषभ हा गडद सूर आहे. षड्जाच्या अगदी डोक्यावर उभा असलेला आणि खाली ओढणारा. कडव्यांमध्ये त्याचा मागमूस नसतो, म्हणून ध्रुवपदात तो आला की प्रकाश बदलल्यासारखे वाटते. परंतु तो पूर्णपणे परका नाही. रिफमध्ये तीव्र मध्यमाबरोबर खालचा चौथा सूर जोडलेला असतो असे मी वर सांगितले. तो खालचा सूर कोणता, तर हाच कोमल रिषभ, डी तारेच्या सहाव्या फ्रेटवरचा. म्हणजे रिफच्या ताणाच्या त्या अर्ध्या मात्रेत जो सूर खाली दडलेला होता, तोच ध्रुवपदात उघडपणे पायाभूत सूर म्हणून येतो. हे त्यांनी ठरवून केले की हाताच्या सवयीने झाले, याला मी महत्त्व देत नाही. कानाला ते एकाच मातीचे वाटते, आणि रिफ व ध्रुवपद एकमेकांना चिकटून राहतात ते त्यामुळे. सोलोच्या, म्हणजे गिटारच्या स्वतंत्र वादनाच्या, वेळी मात्र रिफ बाजूला ठेवली जाते, बेस एका सुरावर न थांबता सुरासुरांवरून चालू लागतो, आणि ब्लॅकमोर मोजक्या, गाता येतील अशा वाक्यांत बोलतो. रिफ परत येते तेव्हा ती नव्याने आल्यासारखी वाटते. सोलोखाली तीच वाजत राहिली असती तर हा परिणाम मिळाला नसता.

प्रभावाच्या प्रश्नाकडे वळताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या गाण्याने पॉवर कॉर्डचा शोध लावला नाही. किंक्स या बँडने १९६४ मध्येच तिच्यावर गाजलेले गाणे उभे केले होते. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातील अस्वस्थ अंतरावर ब्लॅक सॅबाथने १९७० मध्ये आपली सारी ओळख रचली होती. तेव्हा ‘हे सर्वप्रथम यांनी केले’ अशा प्रकारचे दावे करू नयेत. बँडलाही या गाण्याची कल्पना आली नव्हती. ‘मशीन हेड’ मार्च १९७२ मध्ये आला तेव्हा एकल तबकडीसाठी त्यांनी दुसरेच गाणे निवडले होते. ऑगस्ट १९७२ मधील जपान दौऱ्याचे थेट मुद्रण अल्बमच्या रूपाने आले, अमेरिकेतील नभोवाणीने हे गाणे उचलले, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात ते तिथल्या बिलबोर्ड यादीत चौथ्या स्थानापर्यंत चढले. म्हणजे श्रोत्यांनी ते निवडले, कंपनीने किंवा कलावंतांनी नव्हे.

खरा प्रभाव मला तीन ठिकाणी दिसतो. पहिला, आणि माझ्या मते सर्वांत मोठा, शिकण्याच्या रीतीवर. याआधी गिटारची सुरुवात बहुधा कॉर्ड धरून गाण्याला साथ करण्यापासून होत असे. ही रिफ आल्यानंतर गायकाशिवाय, एकट्याने, दोन बोटांत एक पूर्ण वाक्य वाजवता येते आणि समोरचा ते ओळखतो, असा अनुभव पहिल्याच आठवड्यात मिळू लागला. बोटे दुखत असतात, कॉर्ड बदलताना हात अडखळत असतो, अशा वेळी मिळालेली ही ओळख विद्यार्थ्याला टिकवून धरते. गिटारच्या दुकानांत ही रिफ ऐकून विक्रेते कंटाळतात असे म्हणतात. मुंबईतील धोबी तलावच्या दुकानांत मीही ती अनेकदा ऐकली आहे, आणि मला तिचा कधी त्रास झाला नाही. कुणीतरी सुरुवात करत आहे, एवढेच मला त्यातून ऐकू येते. २००७ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे दीड हजारांहून अधिक गिटारवादकांनी एकत्र येऊन हेच गाणे विक्रमासाठी वाजवले. एवढ्या लोकांना पूर्वतयारीविना एकत्र वाजवता येईल असे दुसरे गाणे निवडणे अवघड होते, यातच सारे आले.

दुसरा प्रभाव ध्वनिमुद्रणाचा, आणि त्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. त्या थंड हॉटेलात ट्रकमध्ये बसून मुद्रण करणारे अभियंते होते मार्टिन बर्च. पुढे त्यांनीच ब्लॅक सॅबाथच्या १९८० च्या ‘हेवन अँड हेल’ची निर्मिती केली, आणि १९८१ पासून १९९२ पर्यंत आयर्न मेडनच्या एकामागून एक अल्बमची. वाद्ये प्रत्यक्ष खोलीत वाजत आहेत असा भास, ड्रमभोवतीची हवा, गिटारच्या खरखरीतही ऐकू येणारा सुराचा कणा, हे गुण त्या साऱ्या ध्वनिमुद्रणांत आहेत. माँत्रूच्या मार्गिकेपासून ऐंशीच्या दशकातील हेवी मेटलपर्यंतचा हा धागा एका माणसाच्या कानांतून गेला आहे, आणि ज्यांना ध्वनिमुद्रणात रस आहे त्यांनी हे अल्बम लागोपाठ ऐकावेत असे मी आग्रहाने सुचवतो.

तिसरा प्रभाव संगीताबाहेरचा. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भीषण भूकंप झाला. मदतनिधीसाठी १९८९ मध्ये अनेक बँडचे कलावंत एकत्र आले आणि त्यांनी हेच गाणे नव्याने ध्वनिमुद्रित केले. गिलन आणि ब्लॅकमोर यांच्याबरोबर त्यात ब्रायन मे, डेव्हिड गिल्मर, टोनी आयोमी, ब्रूस डिकिन्सन, पॉल रॉजर्स असे कलावंत होते. वेगवेगळ्या शैलींच्या एवढ्या वादकांना एकाच गाण्यात जागा मिळू शकली, कारण रिफ साधी आणि घट्ट आहे, आणि तिच्याभोवती मोकळी जागा भरपूर आहे. गिलन आणि आयोमी यांनी पुढेही आर्मेनियाचे काम सोडले नाही; २०११ मध्ये ग्युम्री या शहरातील संगीतशाळेसाठी निधी उभारण्याकरता त्यांनी पुन्हा एकत्र ध्वनिमुद्रण केले. एका जळालेल्या इमारतीवरचे गाणे कोसळलेल्या शहराच्या उपयोगी पडले, याचे मला मनापासून समाधान वाटते. माँत्रूचा कॅसिनो १९७५ मध्ये नव्याने उभा राहिला, आणि सरोवराच्या काठावर या गाण्याचे एक स्मारकही आहे, ज्यावर रिफचे सूर पाश्चात्त्य स्वरलिपीत कोरलेले आहेत.

आपल्याकडचे नाते लहान आहे पण खरे आहे. मुंबईत रंगभवनच्या उघड्या मंचावर १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव भरू लागला तेव्हाच्या आणि त्यानंतरच्या महाविद्यालयीन बँडची पिढी ज्या गाण्यांवर वाढली, त्यांत डीप पर्पल अग्रभागी होते. डीप पर्पल १९९५ मध्ये भारतात आले, तोवर ब्लॅकमोर बँडमधून बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी स्टीव्ह मॉर्स होता. आमच्या बँडमध्ये ऑर्गन नव्हता. आम्ही एका मित्राच्या घरची पेटी मायक्रोफोनसमोर ठेवून पाहिली. पेटीवर चौथ्याच्या जोड्या दाबून ही रिफ वाजवली तर ती आश्चर्यकारकरीत्या चांगली लागते. भाता जोरात ओढून मायक्रोफोन थोडा फाटू दिला की लॉर्ड काय करत होता याची कल्पना येते. पेटी ज्यांच्या घरी आहे त्यांनी हे करून पाहावे.

आता प्रत्यक्ष सरावाबद्दल. फोनवरील तानपुरा जीमध्ये, पंचमाचा लावावा आणि मोकळ्या डी-जी तारा त्याच्याशी जुळतात का ते आधी पाहावे. गिटार बेसुरी असेल तर चौथ्याची जोडी ते लगेच उघड करते. मग अंगठा डी तारेखाली, तर्जनी जी तारेखाली, आणि दोन्ही एकाच क्षणी सोडायच्या. डाव्या हाताचे एकच बोट दोन्ही तारांवर आडवे ठेवावे आणि प्रत्येक सुरानंतर ते किंचित उचलावे, जेणेकरून सुरांमध्ये शांततेची बारीक फट राहील. पाचव्या फ्रेटवरचा मध्यम मात्र दीड मात्रा पूर्ण वाजू द्यावा. मूळ ध्वनिमुद्रणाची लय मिनिटाला साधारण ११५ मात्रांच्या आसपास आहे, म्हणजे एक आवर्तन साडेआठ सेकंदांच्या जवळपास जाते. सराव ८० मात्रांवर सुरू करावा आणि साडेचारची जागा पक्की झाल्याशिवाय वेग वाढवू नये. डिस्टॉर्शन शेवटी, स्वच्छ आवाजात जे बरोबर वाजत नाही ते फाटक्या आवाजात झाकले जाते, सुधारत नाही.

ज्या विद्यार्थिनीचा मी वर उल्लेख केला, तिने हे सारे तीन आठवडे स्वच्छ आवाजात, तानपुऱ्याबरोबर केले. चौथ्या आठवड्यात मी तानपुरा बंद केला, अ‍ॅम्प्लिफायरचे बटण डिस्टॉर्शनकडे फिरवले आणि स्वतः बेस हातात घेतला. तिने दोन आवर्तने एकटीने वाजवली, तिसऱ्याच्या समेवर मी जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर षड्ज धरला. ती वाजवता वाजवताच म्हणाली, “हा सूर तर आधीपासून येत होता.”